हातावरची चवळीची वेल

चहा घ्या, पण कपबशी आधी नीट धरा. मी जे सांगणार हाय ते ऐकून माणसाचा हात हलते.

मी माझ्या सख्ख्या भावाले भाऊबीजेच्या दिवशी घरात घेतलं नाही. दाराले आतून कडी लावली, अन् वरून मिरच्यांची धुरी देल्ली. ओवाळणं राह्यलं बाजूले. भाऊ आंगणात निंबाखाली शिंकून राह्यलता, अन् मी आतून चुलीत मूठ मूठ मिरच्या टाकून राह्यलती.

काहून? ते सांगाचं तं मले माझ्या परदेशवारीपासून सुरू करा लागते.

हासा, हासा. माझी नात आता इमानात बसून परदेशी चालली. तिच्या फोनात एक यादी हाय, तिकडच्या रस्त्यावर लोकं कसे कसे फसवतात त्याची. कोणी वाटेत सापडलेलं सोनं दाखवते, कोणी जबरीनं मनगटाले धागा बांधते, कोणी हात धरून भविष्य सांगते. तिनं वाचून दाखवली तशी मी म्हटलं, बाई, हे तिघंही मले भेटून गेले. इमान नाही लागलं. मी डोंग्यात बसून गेलती.

आमचं गाव पैनगंगेच्या काठावर. माहेर माझं तिकडे दूर दारव्ह्याकडे, कोसदऱ्याचं. सासर मात्र नदीले असं चिकटलेलं का भांडे घासता घासता पल्याडच्या बायांची लुगडी ओळखू यावी. पण त्या बाया परक्या. पल्याड आधी निजामाचं राज्य, मंग त्याचं आंध्र झालं, अन् त्याच वक्ती आमचंही राज्य उठून मुंबईकडे गेलं. आम्ही आपल्या जागीच बसलो होतो बाप्पा, राज्यंच आमच्या डोक्यावरून इकडून तिकडे गेली. म्हणून नदीपल्याड म्हणजे आम्हाले इलायतच.

तर त्या साली दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमचे हे पल्याडच्या बाजारात बैलजोडी पाहाले निघाले. मी हट्ट धरला, मलेही परमुलूख पाहाचा हाय. सासूनं कपाळाले हात लावला, पण जाऊ देल्लं. निघता निघता उंबऱ्यात उभं करून तिनं मले बजावलं.

"नाव सांगजो नको, गाव सांगजो नको, अन् गळ्यातली सरी पदराबाहेर काढजो नको. तिकडचे लोकं तोंडातून निघालेल्या एका अक्षरावर घर लुटतात."

सरी म्हणजे गळ्यात घालाची चांदीची जाड कडी. माझ्या मायची होती. माय गेली तेव्हा दादानं ती माझ्या गळ्यात घातली. दादा म्हणजे महादेवदादा, माझा मोठा भाऊ. बाप लहानपणीच गेलता, दादानंच मले वाढवलं. तो चौथी शिकला अन् चांद्याकडे कोळशाच्या खाणीत कामाले लागला. काही झालं तरी भाऊबीजेले यायचाच. मंग काय झालं देव जाणे, एक भाऊबीज कोरडी गेली. दुसरी गेली. कागद नाही, निरोप नाही. दोन्ही साल मी आंगण सारवून, ताट करून बसली, अन् सांजेले ताट तसंच उचललं. आता तिसरी भाऊबीज तोंडावर होती. मनात एकच किडा होता. दादा हाय का नाही?

म्हणून मी चालली होती परमुलूख पाहाले. खरं सांगाचं तं घरात बसवत नव्हतं.

सासूचं ऐकून मी झाकण्याजोगं जे होतं ते सारं झाकलं. डोक्यावरून पदर, पदराची गाठ कमरेत, सरी लुगड्याच्या आत. उघडे राह्यले फक्त डोळे अन् उजवा हात, कारण त्या हातात शिदोरी होती. त्या हातावर होतं काय? लहानपणीचं गोंदण. कोपरापासून मनगटापर्यंत चवळीची वेल. वर एक आडवी दांडी, अन् दांडीले खाली लोंबलेल्या शेंगा. ते कोण चोरून नेते?

सकाळी नदीवर धुकं होतं. डोंगा मधात आला तं मागचा काठ दिसे ना अन् पुढचाही दिसे ना. डोंगेवाला तोंड उघडे ना. खाली पाणी डुबुक डुबुक करे. ह्यांनी विचारलं, भेव वाटते काय वो? मी नुसती मान हलवली. सासूनं बोलू नको म्हटलं होतं, अन् मी नदीतूनच सुरुवात केलती.

पल्याड गेलो तं झाडं तीच. तोच निंब, तीच चिंच, कपाशीची पऱ्हाटीही आपल्यासारखीच. पण माणसांची तोंडं हलत अन् अर्थ लागे ना. पाण्याखालून कोणी बोलून राह्यलं असं वाटे. दोन बाया माझ्याकडे पाहून काही बोलल्या अन् पुढे गेल्या. एक म्हातारा थेट माझ्या डोळ्यांत पाहून लांबलचक काही सांगून गेला. मी आपली उभी. भर उजेडात, भर गर्दीत मले वाटलं का हे सारे जिवंत हायेत अन् मीच कोणी मेलेली त्यांच्यात फिरून राह्यली.

ह्यांनी मले एका जुन्या चिंचेखाली बसवलं, हालू नको म्हणून सांगतलं, अन् ते बैलांकडे गेले.

पहिला फसव्या लगेच आला. माझ्या पायाजवळच्या धुळीतून त्यानं एक पिवळा मणी उचलला अन् डोळे मोठे केले. हिंदीत विचारलं, तुझा काय? मी गप. अर्धा तुझा, अर्धा माझा, म्हणे. मी गप. मंग तेलगूत काही बोलला, मंग हातवारे केले. शेवटी बिचारी मुकी हाय असं समजून निघून गेला.

दुसरी एक बाई आली, हातात लाल धागे. मंत्र म्हणून धागा बांधीन म्हणे, पण मंत्रात घालाले नाव पाहिजे. मी तोंडावर पदर दाबून बसली. तिनं तीनदा विचारलं, अन् मंग माझ्या नशिबाची कीव करून गेली.

मी खुश. म्हटलं, घरी जाऊन सासूले सांगतो, दोघांले पचवून आली.

दिवस डोक्यावर आला. चिंचेची सावली आखडत आखडत बुडाशी आली. अन् तेव्हा मले दिसलं का खोडाच्या दुसऱ्या आंगाले कोणी बसेल हाय.

सकाळपासून बसेल असन. माझ्यापासून दोन हातांवर. मीच पाह्यलं नव्हतं.

काळी घोंगडी, डोळ्यांवर काळा चष्मा, पुढे ऊदाची धुपाटी. तो कोणाले बोलावत नव्हता, काही विकत नव्हता. बाजार त्याच्या दोन्ही बाजूनं वाहे, दगडाच्या दोन्ही बाजूनं पाणी जाते तसा. त्याच्या अन् धुपाटीच्या मधात एक कुत्रं झोपलं होतं. तो उठला, कुत्र्याले ओलांडून ऊद टाकला, परत ओलांडून जागेवर बसला. मी म्हटलं, पाहा, आंधळा हाय बिचारा, पण देवानं कशी जाण देल्ली.

मले कीव आली. फसवणारा मागते, हा तं काही मागत नव्हता. मी भाकर सोडली, चतकोर तोडली, अन् उजवा हात लांब केला. बोलली नाही हं. सासूचं सारं ध्यानात होतं.

त्यानं भाकर घेतली नाही. मनगट धरलं.

हात थंडगार, तेही भर दुपारी. त्यानं अंगठा माझ्या कोपराशी ठेवला अन् हळूहळू खाली सरकवत आणला, बाजारात आपण काकडी चाचपतो तसा. मनगटाशी थांबला. मान वर करून आभाळाकडे पाहून म्हणाला,

"जनी."

आता तुम्ही हे समजून घ्या. लग्नात माझं नाव बदललं होतं. सासरी मी रुख्मा. सासू रुख्मा म्हणे, गाव रुख्मा म्हणे, ह्यांलेही जनी नाव ध्यानात होतं का नाही कोण जाणे. जनी हे नाव माझ्या मायबरोबर गेलं, अन् उरलं ते एकट्या दादाच्या तोंडात. दोन वरसांपासून मले जनी म्हणणारं कोणी नव्हतं. अन् हा परक्या मुलखातला आंधळा माझं मनगट धरून म्हणते, जनी.

मी हात ओढला. निघे ना.

"महादेवची बहीण," तो म्हणाला. "कोसदरा."

बाजाराचा आवाजच बंद झाला. माणसं चालून राह्यलती, बैल माना हलवून राह्यलते, पण घंटी ऐकू येत नव्हती.

"आज कोसदऱ्याहून आली?" त्यानं आपल्याच बोलीत विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मंग ध्यानात आलं, आंधळ्याले मान कशी दिसन? पण त्याले समजलं. "हां," म्हणे, "देह नाही आला. पण जीव तिथलाच हाय."

हे ऐकलं अन् माझा बांध फुटला. तोंड उघडलं ते मंग मिटेच ना. दादा कुठे हाय बाबा, तो कोळशाच्या खाणीत होता बाबा, दोन भाऊबीजा गेल्या बाबा, छाती बडवत सारं त्याच्यापुढे ओतलं. सकाळपासून साठवलेलं बोलणं होतं ते. तो मधात मधात फक्त "हां" म्हणे.

माझं संपलं तसा तो माझ्याकडे वळला. चष्म्यात मले माझीच दोन तोंडं दिसली, इवलाली, काळी.

"काळ्या मातीखाली हाय तो," म्हणाला. "सणाच्या दिवशी येईल. काळा होऊन येईल. जनी म्हणून हाक मारील. ओ देशील तर तुले घेऊन जाईल. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, म्हणून लंगडत येईल. पावलं पाहून घे. उलटी असतील. उंबरा त्याच्यानं ओलांडवणार नाही."

मी म्हटलं, बाबा, उपाय?

"गळ्यातली जुनी चांदी."

सरी लुगड्याच्या आत, वरून पदर, पदराले गाठ. अन् आंधळ्याले दिसली! मी तिथंच हात जोडले. सरी काढून त्याच्या ओंजळीत देल्ली. त्यानं ती लाल फडक्यात ठेवली, लिंबू ठेवलं, घोंगडीखाली धरून काही पुटपुटला, अन् सात गाठी मारून पुरचुंडी माझ्या हातात देल्ली. आढ्याले टांग, भाऊबीज जाईपर्यंत सोडू नको, कोणाले सांगू नको. सांगतलं का बंधन सुटलं.

पुरचुंडी जड होती. सरीएवढीच जड. पाहा बरं, काही घेतलं का त्यानं? उलट परतच देल्ली.

हे बैलजोडी घेऊन आले. तोंड काहून उतरलं म्हणाले. म्हटलं, ऊन लागलं. उठता उठता मी खोडाच्या पल्याड पाह्यलं. घोंगडी नाही, चष्मा नाही, कुत्रंही नाही. धुपाटीतली राख तेवढी पडेल होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस कसे काढले ते माझं मले माहीत. दादा मेला हे मले ठाऊक झालं होतं, अन् रडाचीही चोरी. कोणाले सांगाचं नाही ना. मंग मी कांदे कापाले बसे. त्या पंधरवड्यात आमच्या घरी कांद्याचीच भाजी झाली. हे एकदा ताटाकडे पाहून म्हणाले, वांगे संपले काय गावातले?

सासूनं सरी कुठे म्हणून विचारलं. म्हटलं, ट्रंकेत ठेवली, दिवाळीले काढीन. अन् पुरचुंडी आढ्याले लटकून राह्यली. चूल पेटली का तिची सावली कुडावर हाले. वारा नसला तरी हाले. मी भाकर थापता थापता मान वर करे, अन् ती आपली हलकेच फिरून थांबे, कोणी आतून कूस बदलल्यासारखी. मंग त्या लिंबाले वास सुटला. सासू तीन दिवस घरभर मेलेला उंदीर शोधत होती.

भाऊबीज आली. सासू आपल्या भावाले ओवाळाले गेली. हे नवे बैल घेऊन वावरात. घरी मी एकटी. तिसऱ्या पहरी सवयीनं आंगण झाडलं, शेणाचा ओला सडा टाकला, रांगोळी काढली, अन् मंग मनात आलं, मी हे कोणासाठी करून राह्यली? कोणाले वाट दाखवून राह्यली? उठली अन् घरात जाऊन बसली.

दिवस कलला. उन्हं पिवळी झाली. आमचं कुत्रं एकदम जीव खाऊन भुकलं. मंग एकदम गप झालं.

"जने."

तोच आवाज. तीच ओढ, शेवटचा 'ने' लांबवाची.

"ए जने. दार उघड वो."

तोंडात पदराचा बोळा कोंबला का ओ जाऊ नये. दाराच्या फटीले डोळा लावला. आंगणात एक माणूस उभा होता. नखशिखांत काळा. कपडे काळे, हात काळे, तोंड काळं, त्यात डोळ्यांचं पांढरं अन् दातांचं पांढरं तेवढं दिसे. तो एक पाय ओढत निंबाकडे सरकला. लंगडत.

मी देवाचं नाव घेतलं अन् नजर खाली नेली. ओल्या सड्यावर पावलं उमटली होती. फाटकापासून दारापर्यंत, एका ओळीत. अन् टाचा माझ्या दाराकडे, बोटं रस्त्याकडे.

उलटी.

तुम्ही असते तं काय केलं असतं? मी कडी लावली. कडीले मुसळ टेकवलं. अन् चुलीत मिरच्या टाकल्या. मिरचीच्या धुरापुढे काही टिकत नाही, हे मले लहानपणापासून ठाऊक. एक मूठ, दोन मुठी. धूर फटीतून बाहेर गेला, पण निम्मा माझ्याच डोळ्यांत. बाहेर तो शिंकून राह्यला, आत मी खोकून राह्यली. शिंकता शिंकता मधातच तो म्हणे, जने, अवो जने, काही चुकलं काय वो माझं?

भूत असलं तरी दादाचंच होतं ना. मी आतून दाराले पाठ लावून रडत बसली. उघडावं तं मरण, न उघडावं तं दादा दाराबाहेर.

तेवढ्यात बैलांच्या घंट्या वाजल्या. हे वावरातून आले. अन् मले ह्यांचा आवाज ऐकू आला, अगदी रोजच्यासारखा. "अरे दादा? असे बाहेर काहून बसले?" अन् रांजणातून पाणी काढल्याचा आवाज. भूत पाणी पिऊन राह्यलतं, अन् माझा नवरा त्याच्या मांडीले मांडी लावून बसला होता.

मंग मात्र मले राहवलं नाही. आतून ओरडली, "त्याच्यासंग बोलू नका, त्याचे पाय पाहा."

"पाय?" हे म्हणाले. "धुतले नाहीत, एवढंच."

"आंगणातले पाहा."

मंग निंबाखालून कोणीतरी घाईनं उठून चार पावलं दूर सरकल्याचा आवाज आला. ते आमचे हे होते.

"जवाईबुवा," दादाचा आवाज आला, "तुमचं कुत्रं धावून आलं आंगावर. पाठ देल्ली असती तं पिंडरी गेली असती. काठी उगारून मी फाटकापासून दारापर्यंत उलटा चालत आलो. त्यात काय झालं?"

ह्यांनी मले दार उघडाले लावलं. मी मुसळ हातात धरूनच कडी काढली. म्हटलं, आता कळन, उंबरा ओलांडते का नाही. दादानं पाय आत टाकला, अन् त्याचं डोकं चौकटीले खाडकन आदळलं. दर सालाप्रमाणे. अन् दर सालाप्रमाणे त्यानं ज्यानं ती चौकट बसवली त्या सुताराच्या मायचा उद्धार केला.

माझा दादा जिवंत होता. मुसळ पडलं ते माझ्याच पायावर.

मंग सारं निघालं. दादा सायकलवरून पडला होता, पाय मोडला, तो वाकडा बसला, परत मोडून बसवा लागला, त्यात दोन वरसं गेली. आता कोळशाच्या ट्रकवर बसून आला होता. दिवस बुडाच्या आत ओवाळून घ्यावं म्हणून नदीवर तोंड धुवालेही थांबला नाही. कागद काहून नाही टाकला म्हटलं, तं म्हणे, तुमच्या गावात वाचते कोण?

अन् मी कोणाचं ऐकून त्याले मेला समजली, ते मी सांगतलं. आंधळा बाबा, जनी, महादेवची बहीण, कोसदरा. मी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं दादा, अन् त्यानं नुसता हात चाचपून सारं सांगतलं.

दादा म्हणाला, "कोणता हात?"

मी उजवा पुढे केला. त्यानं तो उजेडाकडे वळवला. "हे काय हाय, जने?"

"चवळीची वेल."

दादा खाली बसला. हासला नाही. "पाच वरसांची असताना तू जत्रेत हरवली होती," म्हणाला. "दिवसभर शोधलं. बांगडीवाल्याच्या पालात सापडली. लोकं नाव विचारत तं तू म्हणे जनी, गाव विचारत तं म्हणे घर, भाऊ विचारत तं म्हणे दादा. पुढच्या साली मी चौथीत होतो. चिठ्ठीवर लिहून गोंदणारणीले देल्लं. जनी, महादेवची बहीण, कोसदरा. परत हरवली तं कोणी परका वाचून घरी आणून देईल म्हणून. तुले शेजारच्या पोरीसारखी वेलच पाहिजे होती, अक्षरं म्हटलं असतं तं रडली असती. म्हणून वेल म्हटलं."

वीस वरसं मी त्या वेलीले तेल लावत होती. कोसदऱ्यात ज्यांले वाचता येये त्यांले ते नवं नव्हतं, अन् सासरी वाचता येणारं कोणी नव्हतं. परक्यानं वाचावं म्हणून लिहिलं होतं, अन् बरोबर परक्यानंच वाचलं.

"पण दादा," मी म्हटलं, "तो आंधळा होता."

"चष्मा काढून पाह्यला होता काय?"

मंग एक एक आठवाले लागलं. कुत्र्याले ओलांडून गेलेला. माझी हललेली मान समजलेला. सरी त्याले कशी दिसली? मीच कोसदऱ्याचं ऐकून छाती बडवून घेतली तेव्हा पदराची गाठ सुटून सरी बाहेर आली होती.

आढ्याची पुरचुंडी काढली. सात गाठी सोडल्या. आतून निघाले दोन बैलाच्या पायाचे नाल अन् एक काळं पडलेलं लिंबू. माझ्या मायची सरी गेली ती गेलीच. हे दुसऱ्याच दिवशी नदीपल्याड जाऊन आले. चिंच जागेवर होती, एवढंच.

सारे हासाले लागले तरी माझ्या मनातलं एक जाईना. मी दादाले विचारलं, "नाव लिहेल होतं, गाव लिहेल होतं. खाण अन् भाऊबीज मीच सांगतली. पण लंगडत येईल म्हणाला, ते कुठे लिहेल हाय?"

दादानं हात परत वळवला. वरून पाह्यला, खालून पाह्यला. मंग सोडून देल्ला. मी सांजवात लावून त्याले ओवाळलं तेव्हा त्याचा वाकडा पाय पाटाच्या बाहेर होता, अन् आम्ही तिघांनीही त्याकडे पाह्यलं नाही.

पुढच्या भाऊबीजेले दादानं ओवाळणीत पाटी अन् लेखण आणली. म्हणे, शिक आता तरी, नाहीतर मी कागद टाकला तं तू तोही कुडाले चिकटवशील, वेल म्हणून. चांगली मोठी पाटी होती, लाकडाच्या चौकटीची. दुधाच्या गंजावर झाकण म्हणून इतकी बरोबर बसे का मांजराले बारा वरसं उचलता आली नाही.

ही नात म्हणते, आजी, तुझा किस्सा लिहून ठेवते. मी सांगून राह्यली, ती लिहून राह्यली. आताच तिनं सारे कागद माझ्यापुढे धरले अन् म्हणाली, पाहा, बरोबर लिहिलं ना? मी चष्मा लावून चांगलं पाह्यलं. म्हटलं, बरोबरच हाय बाई, अन् यंदा पीकही चांगलं दिसते. पानोपानी नुसती चवळी.